क्रम, काळ आणि पुरुष : 'इन्स्टिट्यूट्स'चे दैनंदिन वाचन

१

मराठी वैचारिक साहित्यात जॉन कॅल्व्हिन (१५०९-१५६४) हे नाव अपरिचित नाही; अपरिचित आहे तो त्याचा ग्रंथ. हे नाव आपल्याकडे मुख्यतः दोन वाटांनी आले. पहिली वाट न्या. रानडे ह्यांची. 'राइज ऑफ द मराठा पॉवर' (१९००) ह्या ग्रंथात त्यांनी महाराष्ट्रातील संतांच्या कार्याची तुलना युरोपातील सोळाव्या शतकाच्या धर्मसुधारणेशी केली आणि 'प्रॉटेस्टंट' ही संज्ञा आपल्या इतिहासविचारात एक उपमान म्हणून रुजली. दुसरी वाट मॅक्स वेबरची. प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती ह्यांच्या संबंधावरील त्याचा प्रबंध (१९०४-०५) टॅल्कट पार्सन्सच्या इंग्रजी अनुवादातून (१९३०) आपल्या समाजशास्त्राच्या वर्गांत पोहोचला, आणि कॅल्व्हिन म्हणजे पूर्वनिवडीचा सिद्धान्त हे समीकरण पक्के झाले. मोक्षास कोण पात्र हे ईश्वराने आधीच ठरवून ठेवले आहे, ते कळण्याचा मार्ग नाही, म्हणून माणूस आपल्या उद्योगातील यशात निवडीची खूण शोधू लागतो, अशी ती मांडणी.

वेबरवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आपला विषय कॅल्व्हिनची वैयक्तिक मते हा नसून पुढच्या काळातील कॅल्व्हिनपंथ हा आहे, असे त्याने स्पष्टपणे सांगितले आहे. पूर्वनिवडीचा सिद्धान्त मांडताना त्याने मुख्य आधार घेतला तोही १६४७ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीनाम्याचा. हा विवेक आपण मात्र राखला नाही. परिणामी, उपमान म्हणून आणि उतारा म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो ग्रंथ म्हणून आपल्यासमोर कधी उभाच राहिला नाही.

'इन्स्टिट्यूट्स' हा ग्रंथ क्रमाने आणि दररोज थोडाथोडा वाचला असता त्याच्या अर्थात नेमका कोणता फरक पडतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : ह्या ग्रंथातील सिद्धान्तांचा अर्थ त्यांच्या क्रमाशी बांधलेला आहे, तो क्रम वाचकाच्या प्रत्यक्ष काळात उलगडावा लागतो, आणि तसा तो उलगडला तर सिद्धान्त व्याकरणाच्या परिभाषेत प्रथमपुरुषी राहतो, उचलून घेतला तर तृतीयपुरुषी होतो. हा फरक केवळ शैलीचा नाही. त्यात माणसाच्या जिवाचाही प्रश्न येऊ शकतो.

२

ग्रंथाचा इतिहासच त्याच्या क्रमाबद्दल बोलका आहे. पहिली लॅटिन आवृत्ती १५३६ मध्ये बाझल येथे निघाली तेव्हा ती सहा प्रकरणांची छोटेखानी पुस्तिका होती. १५३९ च्या आवृत्तीत सतरा प्रकरणे झाली. १५४१ मध्ये कॅल्व्हिनने स्वतः तिचा फ्रेंच अनुवाद केला आणि फ्रेंच गद्याच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले. १५५९ च्या अखेरच्या लॅटिन आवृत्तीत चार भाग आणि ऐंशी प्रकरणे आहेत : पहिल्या भागात अठरा, दुसऱ्यात सतरा, तिसऱ्यात पंचवीस आणि चौथ्यात वीस. म्हणजे हा ग्रंथ जवळजवळ पाव शतक लेखकाच्या हातात वाढत राहिला. अखेरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कॅल्व्हिन सांगतो की, आदल्या हिवाळ्यात चातुर्थिक ज्वराने आजारी असतानाही त्याने हे काम सोडले नाही, आणि आताचा क्रम लागेपर्यंत त्याचे समाधान झाले नव्हते. लिहिता लिहिता शिकणाऱ्यांत आपण एक आहोत हे ऑगस्टीनचे म्हणणे तो स्वतःला लावून घेतो. ज्या लेखकाचे समाधान क्रमाने झाले, त्याच्या वाचकाने क्रम टाळावा हे विचित्रच म्हणावे लागेल.

शीर्षकाचाही विचार केला पाहिजे. रूढ इंग्रजी नाव अनेकवचनी आहे आणि ते संस्थांची वा नियमांची आठवण करून देते. मूळ लॅटिन 'इन्स्टिट्यूतिओ' हे एकवचन आहे आणि त्याचा अर्थ शिकवण, शिष्याला घडवणारा पाठ असा आहे. मराठीत त्याला जवळचा शब्द 'बोध' हाच. हा शब्द मिळताच मराठी वाचकाला एक दुसरा ग्रंथ आठवल्यावाचून राहत नाही. समर्थ रामदासांचा (१६०८-१६८१) 'दासबोध' हाही असाच वाढत गेलेला ग्रंथ आहे. एकवीस समासांचा जुना दासबोध आणि वीस दशकांचा, दोनशे समासांचा आजचा ग्रंथ ह्यांमधील अंतर १५३६ आणि १५५९ ह्यांमधील अंतराची आठवण करून देते. ईश्वरशास्त्राच्या दृष्टीने ह्या दोन ग्रंथांत साम्य शोधण्यात अर्थ नाही. रानड्यांच्या उपमानाची पुनरावृत्ती करण्याचा येथे हेतू नाही. साम्य आहे ते वाचकाला घडवण्याच्या रीतीत. दासबोधाचा पहिलाच समास संपूर्ण ग्रंथ न पाहता दोष देणाऱ्याला फटकारतो. कॅल्व्हिनही आपला ग्रंथ शास्त्राध्ययनाची पूर्वतयारी म्हणून विद्यार्थ्याच्या हाती देतो. दोघांनाही मत बनवणारा वाचक नको आहे, मुक्काम करणारा वाचक हवा आहे.

३

ह्या ग्रंथाचे दैनंदिन वाचन ही काही नवी कल्पना नव्हे. कॅल्व्हिनच्या पाचशेव्या जन्मवर्षी, २००९ मध्ये, प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्र विद्यालयाने संपूर्ण ग्रंथ वर्षभरात रोज थोडा वाचण्याचा क्रम आखून दिला होता. मी ज्या पद्धतीने वाचला ती मात्र उपनगरी होती. मुलुंड ते घाटकोपर हा माझा रोजचा प्रवास. मध्ये नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग आणि विक्रोळी ही चार स्थानके. धीम्या गाडीत जागा मिळाली तर एक परिच्छेद, क्वचित दोन. जॉन मॅकनील संपादित आणि फोर्ड लुइस बॅटल्स अनुवादित (१९६०) दोन जाड खंड गाडीत नेणे शक्य नव्हते, म्हणून त्या दिवसापुरत्या पानांच्या छायाप्रती नेत असे. मी ख्रिस्ती नाही. ह्या वाचनामागे उपासनेचा हेतू नव्हता, आणि त्यातून धर्मांतरासारखे काही घडलेही नाही. तरीही हे वाचन अभ्यासिकेतील वाचनापेक्षा वेगळे होते, हे मान्य करावे लागेल.

वेगळेपण कोठे होते? वाचककेंद्री समीक्षेने वाचनाच्या काळाकडे आपले लक्ष वेधले आहे. स्टॅन्ली फिशने मिल्टनवरील पुस्तकात (१९६७) दाखवून दिले की, वाक्य वाचताना वाचकाची जी फसगत होते ती वाक्याच्या अर्थाचाच भाग असते. वोल्फगांग ईझरने संहितेतील रिक्त जागांची संकल्पना मांडली. परंतु ह्या दोघांचाही वाचक सलग वाचतो. त्याला मध्ये घाटकोपरला उतरावे लागत नाही. दैनंदिन वाचनातील रिक्त जागा संहितेत नसतात. त्या दोन दिवसांच्या मध्ये असतात आणि त्या वाचकाच्या स्वतःच्या आयुष्याने भरतात. कालचा परिच्छेद आज थोडा विसरलेला असतो, आणि जे उरते त्याला मधल्या दिवसाचा रंग लागलेला असतो.

एक उदाहरण देतो. पहिल्या भागाच्या सतराव्या प्रकरणात ईश्वरी योजनेची चर्चा आहे. दहाव्या परिच्छेदात कॅल्व्हिन माणसाच्या जीविताला रोज घेरणाऱ्या धोक्यांची लांबलचक यादी देतो : जहाजात चढलात तर मरण एका पावलावर, घोड्याचा पाय घसरला की जीव धोक्यात, शहराच्या रस्त्यांवरून चालताना छपरांवर जितकी कौले तितके धोके, तटबंदी असलेल्या बागेतही कोठेतरी साप दडलेला. यादीचा ठेका जवळजवळ विनोदी वाटावा इतका वाढत जातो. दाराच्या दांडीला लटकलेल्या प्रवाशांच्या मागे उभे राहून हा परिच्छेद वाचणाऱ्याला यादीत आणखी एक भर घालण्याचा मोह होतोच. पुढे कॅल्व्हिन सांगतो की, ईश्वराच्या योजनेवर विसंबणारा माणूस ह्या भयातून मुक्त होतो. वाचकाला स्वतःपुरता, क्षणभर तरी, दिलासा मिळतो.

पण ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर हाच परिच्छेद पुन्हा उघडला तेव्हा तो वेगळाच झाला होता. 'माझे जीवित ईश्वराच्या हाती आहे' हे वाक्य दारात उभ्या असलेल्या माणसाने स्वतःशी म्हणणे निराळे. 'त्याचे मरण ईश्वराच्या योजनेतले होते' हे वाक्य पडलेल्या माणसाविषयी दुसऱ्याने म्हणणे निराळे. दोन्हींतला सिद्धान्त एकच आहे. पुरुष बदलला आहे. पहिल्यात आधार आहे. दुसऱ्यात क्रौर्य आहे, आणि गर्दी, वळण, उघडी दारे ह्यांची जबाबदारी झटकून टाकण्याची सोयही आहे. कॅल्व्हिनला ह्या सोयीची जाणीव नव्हती असे नाही; ईश्वरी योजनेचे निमित्त करून माणसाने सावधगिरी सोडू नये, हे तो त्याच प्रकरणात आधी बजावतो. परंतु ही सूचना आधीच्या परिच्छेदांत आहे. उतारा उचलणाऱ्याच्या हाती ती लागत नाही.

४

हेच सूत्र हाती धरून तिसऱ्या भागाकडे वळू. पूर्वनिवडीचा सिद्धान्त ह्या भागाच्या एकविसाव्या ते चोविसाव्या प्रकरणांत येतो. १५३६ च्या पुस्तिकेत त्याला स्वतंत्र प्रकरण नव्हते. १५३९ मध्ये तो ईश्वरी योजनेच्या जोडीने एकाच प्रकरणात आला. १५५९ मध्ये कॅल्व्हिनने ही जोडी तोडली. ईश्वरी योजना सृष्टीच्या चर्चेबरोबर पहिल्या भागाच्या अखेरीस गेली. पूर्वनिवड श्रद्धा, पश्चात्ताप, ख्रिस्ती आचरण, नीतिमान ठरवले जाणे आणि स्वातंत्र्य ह्या सर्वांनंतर आली. तिच्या लगेच आधी, विसाव्या प्रकरणात, प्रार्थना आहे. प्रार्थनेच्या ह्या एका प्रकरणाचे परिच्छेद बावन्न आहेत. निवडीच्या चारही प्रकरणांचे मिळून एकूणपन्नास.

रोज एक परिच्छेद ह्या गतीने वाचणाऱ्याला ह्या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. निवडीच्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याआधी त्याचे जवळजवळ दोन महिने प्रार्थनेच्या प्रकरणात जातात. मागावे कसे, मागूनही मिळाले नाही तर काय, आपल्या मागण्यांत अज्ञान किती असते, ही चर्चा रोज ऐकलेला वाचक जेव्हा निवडीच्या प्रकरणाशी येतो, तेव्हा 'कोण निवडलेला आणि कोण नाही' हा हिशेबनिसाचा प्रश्न त्याच्या तोंडी सहज येत नाही. त्याच्या तोंडी आलेला प्रश्न 'मी हाक मारू शकतो, हे बळ माझ्यात कोठून आले' असा असतो. निवडीचा सिद्धान्त हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणूनच ह्या विषयात कुतूहलाने शिरणारा चक्रव्यूहात सापडेल, असा इशारा कॅल्व्हिन एकविसाव्या प्रकरणाच्या आरंभीच देतो.

मराठी वाचकाला येथे आणखी एक मुक्काम करावा लागतो, तो शब्दांपाशी. पूर्वनिवडीसाठी दैव, नियती, प्रारब्ध, भवितव्यता असे शब्द आपल्या जिभेवर तयार असतात, आणि त्यांतला एकही चालत नाही. प्रारब्ध हे माझ्याच पूर्वकर्मांचे फळ. कॅल्व्हिनची निवड तर कोणत्याही कर्माकडे, अगदी पुढे घडणाऱ्या पुण्याकडेही, न पाहता झालेली. नियती अंध आणि अव्यक्त. ही निवड एका इच्छा करणाऱ्याची. मराठी ख्रिस्ती परंपरेतील 'नेमणे' हे क्रियापद ह्या सर्वांहून नेमके आहे, कारण नेमणुकीला नेमणारा लागतो आणि कामही लागते. तीच गोष्ट 'नीतिमान ठरवणे' ह्या शब्दप्रयोगाची. माणूस नीतिमान होत नाही, ठरवला जातो. 'ठरवणे' ह्या न्यायालयीन क्रियापदात एका संपूर्ण धर्मपंथाचा वाद सामावला आहे. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) ह्यांच्या पिढीने जे ख्रिस्ती गद्य घडवले, त्यातील अशा शब्दांची घडण मराठी समीक्षेने अजून नीट तपासलेली नाही. आपण 'यमुनापर्यटन' (१८५७) ची चर्चा कादंबरीच्या आरंभाचा प्रश्न म्हणून करतो. ज्या धर्मशास्त्रीय परिभाषेच्या मुशीतून ते गद्य आले तिच्याकडे वळत नाही.

५

क्रमाने पुरुष बदलण्याची किमया मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. तो सर्वांच्या परिचयाचा आहे, कारण तो एकटा वाचता येतो आणि तसा वाचताना मौज वाटते. प्रत्येक लक्षणाला ओळखीतला एखादा चेहरा सापडतो. मूर्ख हा तेथे नेहमी 'तो' असतो. पण त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे. मधल्या समासांतून उत्तम लक्षणे, कुविद्या, भक्ती, तीन गुण, सद्विद्या आणि विरक्ती ह्यांचे निरूपण ऐकून आपण शहाणे झालो, असे वाटू लागलेल्या वाचकासमोर, ज्याने ग्रंथ वाचले आहेत असा मूर्ख उभा केला जातो. ग्रंथ वाचणारा तेथे एकच आहे. दशकाच्या आरंभी हसणारा वाचक दशकाच्या शेवटी हसण्याचा विषय झालेला असतो. निवडक उताऱ्यांच्या संग्रहात हे दोन समास शेजारी छापले, तरी हा परिणाम साधणार नाही. मधल्या आठ समासांचा काळ त्यात नसतो.

६

इथपर्यंतचे विवेचन कॅल्व्हिनच्या बाजूने झुकले आहे, म्हणून आता त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा मांडतो. क्रम हा सिद्धान्ताला प्रथमपुरुषात ठेवतो खरा, पण तो तेथेच राहील अशी हमी क्रम देऊ शकत नाही. तेविसाव्या प्रकरणात कॅल्व्हिन नाकारलेल्यांविषयी बोलतो, आणि हे बोलणे अपरिहार्यपणे तृतीयपुरुषी आहे. हा ईश्वरी निर्णय भयप्रद आहे, असे तो स्वतःच कबूल करतो. पण मागे फिरत नाही. ज्या प्रश्नाला 'मी' हा कर्ता होता त्याला आता 'ते' हा कर्ता मिळतो, आणि प्रार्थनेच्या बावन्न परिच्छेदांनी कमावलेली नम्रता तर्काच्या रेट्यापुढे टिकत नाही.

ह्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट सर्व्हेटसची आहे. मिगेल सर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य आणि धर्मचिंतक. त्रैक्याचा सिद्धान्त नाकारल्याबद्दल १५५३ मध्ये जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याच्यावरील आरोपांमागे कॅल्व्हिन होता. हे आपण इतिहासात वाचलेले असते. पण १५५९ चा ग्रंथ क्रमाने वाचताना सर्व्हेटसचे नाव पुन्हा पुन्हा भेटते : पहिल्या भागात त्रैक्याच्या चर्चेत, दुसऱ्या भागात ख्रिस्ताच्या स्वरूपाच्या चर्चेत, चौथ्या भागात बालकांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चेत, जेथे त्याच्या वीस युक्तिवादांचे एकामागून एक खंडन आहे. सहा वर्षांपूर्वी राख झालेल्या माणसाशी लेखक वर्तमानकाळात भांडतो आहे. सलग वाचणारा ही पाने पुराणी वादावादी म्हणून ओलांडील. रोज थोडे वाचणाऱ्याला तीन वेगवेगळ्या ऋतूंत तेच नाव भेटते, आणि प्रत्येक वेळी त्या नावाचा माणूस उत्तर द्यायला उरलेला नाही, हे आठवते. एखाद्याचे म्हणणे खोडणे आणि त्या माणसाला मिटवणे ह्यांतील सीमा कॅल्व्हिनने जिनिव्हात ओलांडली, आणि तिची खूण त्याच्या ग्रंथात राहिली.

चौथ्या भागाच्या वाचनाला आमच्या उपनगरांत आणखी एक पदर आहे. रोमच्या चर्चवरील त्यातील हल्ला अतिशय तिखट आहे. परंतु साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या ह्याच उपनगरांत, ख्रिस्ती धर्म आला तो १५३४ च्या वसईच्या तहानंतर पोर्तुगीजांबरोबर, रोमन कॅथलिक म्हणून. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीच्या अवघी दोन वर्षे आधी. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांच्या माथ्यावरील फ्रान्सिस्कन वास्तूचे अवशेष, अंधेरीच्या सीप्झच्या आवारातील १५७९ च्या चर्चच्या भिंती, ईस्ट इंडियन समाजाची मराठी बोली : कॅल्व्हिन ज्यांना मूर्तिपूजक ठरवतो ते येथे शेजारी आहेत. आणि आपल्या भाषेतील पहिला थोर ख्रिस्ती ग्रंथ, फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६), हाही जेझुइट पंथीयाचा, ओवीबद्ध, रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये वाचला जाणारा. संथ, सामुदायिक वाचनाची परंपरा मराठीत ज्या ख्रिस्ती पंथाने उभारली तो नेमका कॅल्व्हिनचा प्रतिपक्ष होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांबरोबर त्याच्या परंपरेचे ईश्वरशास्त्र मुंबईत आले, तेव्हा त्याचा प्रसार मुख्यतः व्याख्याने, वादविवाद आणि छोट्या पुस्तिका ह्यांतून झाला. संथ वाचनासाठी लिहिलेल्या ग्रंथाचा वारसा असा झटपट वाचनाच्या रूपात आला, हा इतिहासातील विरोधाभास लक्षणीय आहे.

७

आपल्याकडे ग्रंथवाचनाच्या दोन संस्था आजही जिवंत आहेत. एक पारायणाची आणि निरूपणाची. उपनगरांतील वस्त्यावस्त्यांतून भरणाऱ्या श्रीसमर्थ बैठकांत आठवड्याच्या ठरल्या दिवशी दासबोधाचे निरूपण होते आणि कामावरून थकून आलेली माणसे ते वर्षानुवर्षे ऐकतात. तेथे काळ आहे, क्रम आहे. ग्रंथाला उलट प्रश्न विचारण्याची मुभा मात्र क्वचितच असते. दुसरी संस्था विद्यापीठाची. येथे प्रश्न विचारण्याची मुभा आहे, नव्हे सक्ती आहे. पण ग्रंथ 'निवडक' असतो आणि सत्र काही महिन्यांत संपते. पहिल्या संस्थेत ग्रंथ वाचकाला तपासतो, दुसरीत वाचक ग्रंथाला. दोन्ही तपासण्या एकाच वाचनात व्हाव्यात, ही अपेक्षा अवास्तव नाही. श्रद्धा नसलेल्या वाचकालाही ती पूर्ण करता येते, एवढे ह्या अनुभवावरून म्हणता येईल.

'इन्स्टिट्यूट्स'चा आरंभ फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्राने होतो. छळ होणाऱ्यांची बाजू त्याने ऐकून घ्यावी, अशी ती विनंती आहे. १५३६ मधील ते पत्र १५५९ पर्यंत ग्रंथाच्या दाराशी कायम राहिले. ग्रंथाचे अखेरचे प्रकरण राज्यसत्तेविषयी आहे, आणि राजाची आज्ञा ईश्वराच्या आज्ञेविरुद्ध असेल तर ती मानू नये, असे सांगून ते संपते. पत्र लिहिणारा सत्तेबाहेरचा तरुण होता. अखेरचा हात फिरवणारा स्वतः सत्तेच्या जवळ होता आणि सर्व्हेटस त्याच्या मागे होता. आधी ते पत्र, मग ऐंशी प्रकरणे, असे वाचत आलेल्याला शेवटच्या पानावर विचारावेसे वाटते की, ह्या पत्रातली विनंती सर्व्हेटसने केली असती तर ती कोणाकडे करायची होती. हा प्रश्न ग्रंथाबाहेरून आणलेला नाही. तो ग्रंथानेच शिकवला आहे, आणि तो सुचायला मला बराच काळ लागला.